‘आततायी’: ताणलेल्या धनुष्यापासून घाईच्या निर्णयापर्यंत

प्रश्न असा आला आहे: कार्यालयातून मिळालेल्या एका नोटिशीत ‘आपण आततायीपणे वागलात’ असे वाक्य होते. ज्याला नोटीस मिळाली त्याने त्याचा अर्थ ‘घाईने, विचार न करता’ असा घेतला. त्याच्या हिंदी भाषक सहकाऱ्याचे म्हणणे पडले की आततायी म्हणजे जुलमी, अत्याचारी. हा तर गंभीर आरोप झाला. मग खरा अर्थ कोणता, शब्द आला कुठून, आणि ‘अविचारी’, ‘उतावळा’ असे सोपे शब्द हाताशी असताना तो वापरायचा कशासाठी?

भाषांतर आणि संपादन हे माझे रोजचे काम आहे, आणि हा शब्द त्यात वारंवार अडतो. आधी थेट उत्तर देतो. मराठीत आज आततायी म्हणजे मागचापुढचा विचार न करता एकदम टोकाची, कुणाला तरी इजा होईल अशी कृती करणारा. हिंदीत तो जुलमी, अत्याचारी. दोन्ही अर्थ आपापल्या भाषेत बरोबर आहेत. नोटीस मराठी होती, तेव्हा नोटीस मिळालेल्याचा अर्थ बरोबर. पण तो पूर्ण नाही, कारण ‘विचार न करता’ एवढ्याने या शब्दाचे काम संपत नाही. का, ते त्याच्या जन्मात आहे.

संस्कृतात ‘तन्’ हा धातू ताणण्या-पसरण्याचा. तंतू, तंत्र, संतान, वितान हे सगळे याच घरातले, आणि आपला रोजचा ताण, ताणणे हेही. त्याला ‘आ’ लागून ‘आतत’ झाले: ताणलेले, विशेषतः ओढून ताणलेले धनुष्य. अशा ताणलेल्या धनुष्यानिशी जो चालून येतो तो आततायी. म्हणजे मुळात हे स्वभावाचे वर्णन नाही. समोरून एक माणूस येतो आहे, प्रत्यंचा कानापर्यंत ओढलेली आहे आणि बाण तुमच्या दिशेने आहे, एवढे चित्र त्या शब्दात आहे.

याचा जुना वापर यजुर्वेदाच्या रुद्राध्यायात सापडतो, आणि तिथे तो प्रत्यक्ष देवासाठी आहे. शुक्ल यजुर्वेदाच्या वाजसनेयी संहितेत सोळाव्या अध्यायात ‘नमो रुद्रायाततायिने क्षेत्राणां पतये नमः’ असे येते. कृष्ण यजुर्वेदाच्या तैत्तिरीय पाठात त्याच जागी ‘आतताविने’ आहे. रुद्र म्हणणाऱ्या अनेकांच्या तोंडी हा दुसरा पाठ बसलेला असतो. धनुष्य ताणून उभ्या असलेल्या रुद्राला हा नमस्कार आहे. त्याच अध्यायात भक्त विनवतो की ‘अवतत्य धनुस्त्वं’, तू ते धनुष्य उतरव. ‘आतत’ आणि ‘अवतत’, दोन्ही एकाच धातूचे, एकात दोरी ओढलेली आणि दुसऱ्यात सैल सोडलेली. मला ही जोडी फार बोलकी वाटते, कारण सगळी प्रार्थनाच या दोन स्थितींच्या मधल्या अंतराबद्दल आहे.

वेदातून हा शब्द धर्मशास्त्रात आला तेव्हा तो कायद्याची संज्ञा झाला. वसिष्ठ धर्मसूत्रात त्याची प्रसिद्ध यादी आहे: आग लावणारा, विष घालणारा, हातात शस्त्र घेऊन आलेला, धन लुबाडणारा, शेतजमीन बळकावणारा आणि बायको पळवणारा, हे सहा आततायी. ‘अग्निदो गरदश्चैव शस्त्रपाणिर्धनापहः’ ही ओळ याच श्लोकाची. एवढी नेमकी व्याख्या कशाला हवी होती? कारण आततायी ठरलेल्या माणसाला ठार मारण्याची मुभा होती. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात म्हटले आहे की गुरू असो, बालक असो, वृद्ध असो की विद्वान ब्राह्मण असो, तो आततायी होऊन अंगावर आला तर ‘हन्यादेवाविचारयन्’, विचार करत न बसता त्याला मारावेच. लगेच पुढच्या श्लोकात, आततायीचा वध करणाऱ्याला कसलाही दोष लागत नाही, असेही आहे. यालाच आज आपण स्वसंरक्षणाचा हक्क म्हणतो. १८६० च्या भारतीय दंड संहितेच्या कलम १०३ मध्ये मालमत्तेच्या रक्षणासाठी जीव घेण्यापर्यंत जाता येईल असे प्रसंग दिले होते; त्यांत जबरी चोरी होती, रात्रीची घरफोडी होती, आणि राहत्या घराला आग लावणेही होते. दोन कायद्यांचा एकमेकांशी संबंध जोडायचा नाही; पण घर पेटवणारा माणूस दोन्हीकडे त्याच रांगेत उभा आहे.

मनूच्या त्या ओळीत शब्द कसे बसलेत ते नीट पाहा. ‘अविचारयन्’ हे विशेषण आततायीचे नाही. विचार न करता वागायचे आहे ते त्याला मारणाऱ्याने. आततायी स्वतः तर पुरता विचार करून आलेला असतो. विष घालणाऱ्याला ते आणावे लागते, कालवावे लागते, योग्य वेळ साधावी लागते. जमीन बळकावणारा महिनोन्महिने आखणी करतो. म्हणजे मूळ आततायी अविचारी मुळीच नव्हता. तो दुष्ट होता, आणि थंड डोक्याचाही असू शकत होता. आजच्या मराठी अर्थाशी हे अगदी उलटे दिसते.

बहुतेक मराठी वाचकांची या शब्दाशी गाठ गीतेच्या पहिल्या अध्यायात पडते. छत्तिसाव्या श्लोकात अर्जुन म्हणतो, ‘पापमेवाश्रयेदस्मान् हत्वैतानाततायिनः’, या आततायींना मारून आम्हाला पापच लागेल. इथे ‘अविचारी’ असा अर्थ लावला की अर्जुनाचे वाक्य लुळे पडते. तो कौरवांना उतावळे म्हणत नाही. वारणावतात लाक्षागृह पेटवले, भीमाला विष घातले, शस्त्रे घेऊन उभे आहेत, द्यूतात धन नेले, राज्य नेले, द्रौपदीला सभेत ओढत आणले. टीकाकारांनी सहाच्या सहा कलमे कौरवांना लावून दाखवली आहेत. शास्त्राप्रमाणे यांना मारण्यात दोष नाही, हे अर्जुनाला माहीत आहे. तरीही तो म्हणतो, पाप लागेल. त्याच्या वाक्याची सगळी धार ‘आततायी’ हा शब्द कायद्याच्या अर्थाने घेतला तरच कळते. शाळेत गीतेचा हा श्लोक समजावताना ‘आततायी म्हणजे दुष्ट’ एवढ्यावर भागवतात, तेव्हा हा पेच हातातून निसटतो.

आता मराठीत तो ‘अविचारी’च्या शेजारी कसा येऊन बसला? माझी समजूत अशी. ‘खुनी, हल्लेखोर’ या अर्थाचा शब्द बोलण्यात आला की हळूहळू त्याचा कायद्याचा काटेकोरपणा जातो आणि उरते ती कृतीची तीव्रता. आततायी कृत्य म्हणजे आधी खुनासारखे, मग हिंसक, मग कोणतीही मर्यादा न पाळता केलेले. आणि मर्यादा ओलांडणारा माणूस पाहणाऱ्याला नेहमी भान सुटलेलाच वाटतो. विचार केला असता तर असे केले नसते, असे आपण म्हणतो, आणि त्या म्हणण्यातूनच ‘विचार न करता’ हा अर्थ शब्दाला चिकटतो. शिवाय आतुर, उतावीळ, उतावळा हे ऐकायला जवळचे शब्द मराठीत शेजारीच होते. त्यांच्या सहवासाने घाईची छटा पक्की झाली असावी, असे मला वाटते.

हा एकटाच शब्द असा सरकलेला नाही. त्याचा सख्खा शेजारी ‘साहस’ पाहा. तो नेमका उलट्या वाटेने गेला. ‘सहस्’ म्हणजे बळ. बळाने, जोरजबरदस्तीने केलेले ते साहस. मनूच्या व्याख्येप्रमाणे मालकाच्या देखत बळाने हिसकावले तर साहस, आणि नजरेआड नेले तर चोरी. खटल्यांच्या अठरा विषयांत साहस हा एक स्वतंत्र गुन्हा होता, आणि दंडाच्या पायऱ्यांनाही तेच नाव पडले: प्रथम साहस २५० ‘पण’ (त्या काळचे नाणे), मध्यम ५०० आणि उत्तम साहस १,००० ‘पण’. आज ‘उत्तम साहस’ म्हटले तर एखाद्या गिर्यारोहकाची पाठ थोपटल्यासारखे वाटेल. गुन्हा होता तो गुण झाला. तरी जुना अर्थ पुरता मेलेला नाही. घरातले वडीलधारे ‘भलतं साहस करू नकोस’ म्हणतात तेव्हा ते शौर्याला मना करत नसतात, तर अविचाराला अडवत असतात. ‘दुःसाहस’ मध्ये तर तो उघडच आहे.

त्याच घरातला ‘सहसा’ तर मला या सगळ्यात जास्त आवडतो. संस्कृतात सहसा म्हणजे जोरात, एकदम, आणि त्यातून ‘विचार न करता’. भारवीच्या ‘किरातार्जुनीय’ या संस्कृत महाकाव्यात दुसऱ्या सर्गात युधिष्ठिर चिडलेल्या भीमाला सांगतो: ‘सहसा विदधीत न क्रियामविवेकः परमापदां पदम्’. कोणतीही गोष्ट एकदम करू नये, अविवेक हे मोठमोठ्या आपत्तींचे घर आहे. मराठी माणूस ही ओळ वाचतो आणि त्याला ‘सहसा काही करू नये’ असे ऐकू येते, म्हणजे ‘शक्यतो, सामान्यतः करू नये’. मराठीत सहसा हा शब्द बराच काळ नकाराच्या सोबतीनेच चालत आला आहे: सहसा बोलत नाही, सहसा जात नाही, सहसा करू नये. ‘एकदम करू नये’ आणि ‘शक्यतो करू नये’ ही दोन वाक्ये एकाच सल्ल्यात सहज मिसळतात, आणि ऐकणारा दुसरा अर्थ घेऊन जातो. नकाराच्या आडोशाने अर्थ असा पालटला असावा. आता तर ‘तो सहसा सकाळी येतो’ असे होकारार्थी वाक्यही सर्रास लिहितात. ज्या शब्दाचा अर्थ ‘अवचित’ होता तो ‘नेहमीप्रमाणे’ म्हणून वापरला जातो. कुणी त्याला चूक म्हणेल. मी म्हणत नाही. मराठीने तो शब्द घेऊन स्वतःचा केला आहे. आततायीचेही तेच. मूळ संस्कृत अर्थ दाखवून आजच्या मराठी वापराला अशुद्ध ठरवणे मला पटत नाही.

‘विचार’ आणि ‘विवेक’ या दोन्हींच्या पोटात काय आहे तेही इथेच सांगून टाकतो, कारण अविचारी आणि अविवेकी आपण डोळे झाकून एकमेकांच्या जागी वापरतो. विचारात ‘चर्’ आहे, म्हणजे चालणे, फिरणे. मनाने एखाद्या गोष्टीभोवती सगळीकडून फिरून येणे. विवेकात ‘विच्’ आहे, म्हणजे निवडून वेगळे करणे. जुन्या वापरात धान्य पाखडून भूस वेगळे काढण्यासाठीही हा धातू येतो. ज्याने फेरीच मारली नाही तो अविचारी. फेरी मारली, सगळे पाहिले, पण बरे आणि वाईट वेगळे काढले नाही, तो अविवेकी. हुशार माणूस अविचारी क्वचित असतो. अविवेकी पुष्कळदा असतो.

फारसीकडून आलेला दुसरा मोठा गोतावळा ‘बे’ लावून येतो. त्यात ‘बेफाम’ सगळ्यांत नेमका, कारण त्याचा शब्दशः अर्थच ‘समज नसलेला’ आहे: फहम म्हणजे समज, आकलन, जो गलतफहमीत दिसतो. बेलगाम म्हणजे लगाम नसलेला. बेभानमध्ये फारसी ‘बे’ला संस्कृत ‘भान’ जोडून मराठीने आपला शब्द घडवला. बेदरकार मात्र वेगळा ठेवा. दरकार म्हणजे गरज, पर्वा. बेदरकार माणसाला धोका कळत नाही असे नाही. कळतो, पण तो त्याची किंमत करत नाही. म्हणून तर कायद्याच्या मराठीत रस्त्यावर वाहन दामटणाऱ्याला ‘बेदरकारपणे’ आणि नुसते दुर्लक्ष झाले तर ‘हयगयीने’ असे दोन वेगळे शब्द आहेत. पोलिसांच्या फिर्यादीत मात्र ‘भरधाव, हयगयीने, अविचाराने’ अशी सगळी विशेषणे एका दमात येतात.

उतावळा सगळ्यांत निरुपद्रवी. हिंदीत उतावला, गुजरातीतही उतावळ. त्याचा भर फक्त वेळेवर. त्याला धीर धरवत नाही, एवढेच. ‘उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग’ म्हणताना आपण हसतो, घाबरत नाही.

मग आततायी केव्हा? माझी कसोटी अशी आहे. लहान मुलाला आपण उतावळे म्हणतो, धसमुसळे म्हणतो. आततायी म्हणत नाही. उधळलेल्या बैलाला बेफाम म्हणतो. आततायी म्हणत नाही. रस्ता ओलांडताना इकडेतिकडे न पाहणारा अविचारी. त्यालाही आततायी म्हणवत नाही. हा शब्द लागायला तीन गोष्टी एकत्र याव्या लागतात. करणारा कळता असावा, त्याच्या हातात काही करण्याचे बळ किंवा अधिकार असावा, आणि कृती कुणाच्या तरी अंगावर जाणारी असावी. घाई हा त्यातला केवळ वेग आहे. धनुष्य इथे अजून ताणलेलेच आहे. बदलले ते एवढेच की ते कशासाठी ताणले, याचा विचार करायला माणूस थांबलेला नाही.

पंचतंत्राचे पाचवे तंत्र याच दोषावर आहे, त्याचे नावच ‘अपरीक्षितकारक’, म्हणजे पारख न करता करणारा. त्यातली मुंगसाची गोष्ट आपण सगळ्यांनी लहानपणी ऐकलेली असते. तान्ह्या बाळाजवळ साप येतो, पाळलेले मुंगूस त्याला मारते, रक्ताळलेल्या तोंडाने बाहेर धावत येते. पाणी घेऊन परतलेली आई ते रक्त पाहते आणि हातातली घागर त्याच्यावर आदळते. पाळणा चार पावलांवर आहे. ती आत डोकावली असती तर बाळ सुखरूप दिसले असते. तिची कृती उतावळी म्हणाल तर कमी पडते. अविचारी म्हणाल तर बरोबर आहे, पण फिकी. तिच्या हातात बळ होते, समोर जीव होता, आणि तिने चार पावले टाकली नाहीत. याला मराठीत आततायीपणाच म्हणतात. अमरकोशात अशा माणसाला ‘असमीक्ष्यकारी’ असा नेमका शब्द आहे, पण तो आपल्या जिभेवर कधी रुळला नाही. ती जागा मराठीत आततायीने घेतली.

या कसोटीवर त्या नोटिशीकडे पाहा. कर्मचाऱ्याने रागाच्या भरात एखाद्याला धक्का दिला असेल, यंत्र बंद पाडून इतरांचे काम थांबवले असेल, अधिकार वापरून कुणाला जागेवर कामावरून काढले असेल, तर ‘आततायीपणे’ शब्द योग्य आहे. पण कागद न वाचता सही केली, चुकीचा मेल घाईत पाठवला, एवढेच असेल तर तो शब्द जड आहे. ‘निष्काळजीपणे’ किंवा ‘पुरेसा विचार न करता’ असे लिहायला हवे होते. नोटीस लिहिणाऱ्यांना माझे सांगणे एवढेच की अशा कागदात विशेषणापेक्षा कृती लिहा. काय केले, कधी केले, त्याने काय झाले. ‘आततायी’ हा तुमचा निष्कर्ष आहे. तो कागदावर ठेवायचा तर आधी ती घटना ठेवावी लागते. उत्तर देणाऱ्यानेही शब्दार्थावर वाद घालू नये. कोणत्या कृतीला हा शब्द लावला ते लेखी विचारावे.

एका ठिकाणी मी हा शब्द येऊच देत नाही. आत्महत्येच्या बातमीत कधी कधी ‘आततायी पाऊल’ असे लिहिलेले दिसते. ज्याच्यावर दुःख कोसळले आहे त्याच्या कृतीला हल्लेखोराचा शब्द लावणे मला क्रूर वाटते. त्यात दोष देण्याचा सूर आपोआप येतो, आणि मागे राहिलेल्या माणसांना तो ऐकावा लागतो.

लिहिण्याबाबत: ‘आततायी’ हेच रूप, शेवटी दीर्घ ‘यी’. ‘आतताई’ असे बरेच जण लिहितात, पण मूळ ‘आततायिन्’ असल्यामुळे ‘य’ हवाच. स्त्रीलिंगी आणि अनेकवचनी रूप तेच राहते. ‘पणा’ हा मराठी प्रत्यय असल्याने ‘आततायीपणा’ दीर्घच. संस्कृत समासात मात्र ऱ्हस्व होते, जसे ‘आततायिवध’.

भाषांतर करणाऱ्यांनी शेजारच्या भाषांकडे विशेष लक्ष द्यावे. हिंदी मजकुरात ‘आततायियों ने गाँव जला दिया’ असे आले तर मराठीत आततायी ठेवू नका. हल्लेखोर, अत्याचारी किंवा जुलमी घ्या, नाहीतर घर जाळणारे केवळ घाईगर्दीचे लोक ठरतील. बंगालीत तर आततायी म्हणजे सरळ मारेकरी. ‘आततायीच्या गोळीने’ मृत्यू झाला असे तिथे लिहितात आणि अर्थ ‘मारेकऱ्याच्या गोळीने’ असा असतो. उलट दिशेने जाताना मराठी ‘आततायी निर्णय’ हिंदीत जसाच्या तसा नेला तर वाचणाऱ्याला तो जुलमी निर्णय वाटेल. तिथे ‘जल्दबाज़ी में लिया गया फ़ैसला’ असे करावे, आणि त्या निर्णयाने कुणाला इजा झाली असेल तर ती वेगळ्या शब्दांत सांगावी, कारण मराठी शब्दातला तो भाग ‘जल्दबाज़ी’त येत नाही.